भाकरीच्या वेळेचा तारा

अक्का,

पेपरात तुमचा फोटो आलाय. पोरांनी कुठला तरी जुना शोधून दिला, चष्म्याशिवायचा. त्यात तुम्ही अगदी गरीब गाय दिसता. धुळ्यातल्या ज्या बायकांनी तुमच्या हातच्या छड्या खाल्ल्या, त्यांनी तुम्हाला ओळखलं नसणार. खाली चार ओळी आहेत. कन्याशाळा, गणित, शास्त्र, शिस्त, शोकाकुल परिवार. परिवारात माझंही नाव आहे. दुर्बिणीचं कुठेच नाही.

दहाव्याला तुमच्या विद्यार्थिनी आल्या होत्या. त्याही आता म्हाताऱ्या झाल्यात, एकीला तर दोघींनी धरून आणलं. सगळ्या सांगत होत्या, बाई वेळेच्या पक्क्या होत्या, बाई खोटं खपवून घेत नसत. मग कुणी तरी म्हणालं, "काकू, तुम्ही बोला ना दोन शब्द. तुमचा एवढा सहवास." माझं तोंड कधी बंद राहिलंय का, अक्का? पण मी म्हटलं, गुडघा दुखतो, मला उठवत नाही. बोलायला काय गुडघा लागतो? कुणी विचारलं नाही, एवढं नशीब. तोंड उघडलं असतं तर एकच गोष्ट बाहेर पडली असती, आणि ती पहिल्यांदा तुम्हालाच सांगायची होती. म्हणून हे लिहायला बसलेय. उशिरा. माझं सगळं उशिराच.

मी तुमच्या घरात आले ते दिवस आठवतात? द्विभाषिक राज्य होतं तेव्हा. मी रावेरकडची, केळीच्या बागेतली पोर, सातवी पास म्हणून डोक्यात हवा. आणि तुमचं घर भडगावच्या पुढे गिरणेकाठी, धाब्याचं, सपाट मातीच्या छताचं, भोवती नुसता कापूस. आईनं निघताना कानात सांगितलं होतं, सासूला जप, नणंदेला त्याहून जप, बिनलग्नाची आहे, मास्तरीण आहे, धुळ्याहून दर शनिवारी येते. मी मनात म्हटलं, येऊ दे, बघून घेते. काय बघून घेणार होते मी? आज ती सुमन माझ्या पुढ्यात आली तर मी तिला सून म्हणून उंबऱ्याच्या आत घेणार नाही. चुलीपुढं बसली की दहा मिनिटांत तिची पाठ दुखायची, आणि आरशापुढं बसली की तासभर दुखायची नाही.

पहिल्याच थंडीतला तो शनिवार. तुम्ही एस.टी.तून उतरलात, चहा घेतलात आणि लुगड्याचा पदर खोचून शिडीवरून धाब्यावर गेलात. मागोमाग गडी ती पितळी नळी घेऊन चढला. मी सासूबाईंना विचारलं, हे काय? त्या पीठ मळता मळता म्हणाल्या, "तोफ शे ती. साहेब लोके गयात तवय मन्ही पोर तोफ लई उनी."

ती हकिगत मला पुढं तुमच्याकडूनच कळली. देश स्वतंत्र झाला, भुसावळचे रेल्वेतले गोरे साहेब सामान विकून निघाले. लोकांनी बंगल्यांमधून टेबलं आणली, आरसे आणले, चिनी मातीच्या बश्या आणल्या. सासऱ्यांनी, आबांनी, तुम्हाला पाटल्यांसाठी पैसे दिले होते, तुम्ही दुर्बीण आणलीत. आबा काही बोलले नाहीत. सासूबाई पुढं जन्मभर बोलल्या.

मी शिडीच्या टोकापर्यंत चढून बघितलं, तर तुम्ही दक्षिणेकडे नळी करून एका डोळ्यानं बघत बसलेल्या. मी वाट बघितली, हलतील, वळतील. तुम्ही हलेनात.

"काय दिसतंय, अक्का?"

"काही नाही."

"मग बघताय काय?"

"तेच."

मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, म्हणूनच लग्न झालं नसेल. असं वाटलं होतं मला, खरं सांगते. रात्री ह्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "अक्काच्या वाटेला जाऊ नकोस, ती तुला शिकवेल." किती खरं बोलले बिचारे.

मग तुम्ही शिकवलंतच. दक्षिणेला तो एकटा ठळक तारा, त्याच्या डावीकडे जरा मंद दुसरा, आणि त्या दुसऱ्याच्या किंचित खाली उजवीकडे नळी लावायची. नळीत सगळं उलटं दिसायचं, म्हणून मी आधी आठवडाभर तुमच्याशी भांडले की तुमचं यंत्र बिघडलंय. तिथं तीन बारीक तारे होते, चुलीच्या तीन दगडांसारखे. आणि मधली जागा रिकामी. तुम्ही म्हणालात, त्या चुलीत लक्ष ठेवायचं. तिथं एक तारा आहे, आपल्या नळीच्या ताकदीबाहेरचा, म्हणून दिसत नाही. पण तो कधी तरी अचानक पेटतो. काही क्षणांत कितीतरी पट उजळतो आणि थोड्या मिनिटांत परत विझतो. तो तसा पेटला, तर आपल्या नळीतूनही दिसेल.

"कधी पेटतो?"

"ते कुणालाच माहीत नाही. म्हणून तर बघायचं."

त्याचं नाव तुम्ही सांगितलंत, यूव्ही सेटी. मी लगेच त्याला शेटजी करून टाकलं. तुम्ही शिडी उतरलात की मी विचारायची, "आले का शेटजी? की आजही पेढी बंद?" तुम्ही चष्मा पुसत म्हणायच्या, "बंद." तुम्हाला कधी राग आला नाही याचा मला फार राग यायचा.

पुढं एकदा तुम्ही म्हणालात, तो एक नाही, दोन आहेत. लाल बटू म्हणतात त्यांना. मी म्हटलं, बटू म्हणजे मुंजीतले? तुम्ही खळखळून हसलात. म्हणालात, बटू म्हणजे लहान, खुजे. दोघंही लाल, दोघंही मंद, एकमेकांभोवती फिरत असतात, आणि सूर्य सोडला तर आपल्या अगदी शेजारचे आहेत. गल्लीतलेच म्हण.

"गल्लीतले असून दिसत नाहीत?"

"नाही ना."

"म्हणजे सुना आहेत त्या," मी म्हटलं. "नाही तर नणंद-भावजय. एकमेकींभोवती फिरणाऱ्या. त्यातली अचानक भडकणारी कुठली हो?"

"दोघी भडकतात म्हणतात," तुम्ही म्हणालात, आणि नळीला डोळा लावता लावता माझ्याकडे असं बघितलंत की त्या दिवसापासून मी तुमची झाले. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायच्या राहिलेल्या गोष्टींत ही सगळ्यांत सोपी होती, तरी राहिली.

तुमचा तारा मोठा कोडगा. मार्गशीर्ष-पौषात तो वर यायचा नेमका भाकरीच्या वेळेला. उन्हाळ्यात आला असता तर सगळं गाव धाब्यावरच असतं, पण नाही. बाहेर थंडी, खाली चूल पेटलेली, तवा तापलेला, आणि त्याच वेळी शेटजींची स्वारी दक्षिणेला. सासूबाई खालून ओरडायच्या, "काय दखी ऱ्हायनी तू तठे? तठे ते काहीच नही शे!" आणि तुम्ही वरून म्हणायच्या, "हो माय, नाहीच आहे."

मग आपण पाळी लावली. एक शनिवार तुम्ही धाब्यावर, मी चुलीशी. पुढच्या शनिवारी मी धाब्यावर, तुम्ही चुलीशी. गावात अशी पाळी कुणी ऐकली होती का? मास्तरीण नणंद भाकरी थापतेय आणि नवी सून गोधडी पांघरून आकाश बघतेय. शेजारणी सासूबाईंना विचारायच्या, तुमच्याकडं चाललंय काय? सासूबाई म्हणायच्या, "बठ्ठं घर येडं व्हयनं."

माझ्या पाळीला मी काय करायची ते आता सांगायला हरकत नाही. थोडा वेळ चुलीचे तीन दगड बघायची, मग नळी हळूच फिरवून चंद्र बघायची, पाटलांच्या माडीतला दिवा बघायची, मग शेंगा खायची. आणि कंटाळा आला की ओरडायची, "अक्का, आली! पेटली!" तुम्ही पिठाच्या हातानं धावत शिडी चढायच्या. मी पोट धरून हसायची. तुम्ही धापा टाकत म्हणायच्या, "सुमे, तुला मार पाहिजे," आणि आल्यासारखं नळीत एकदा बघून घ्यायच्या. मला तेव्हा तो विनोद वाटायचा. एवढी धापा टाकणारी बाई, तिच्या धापेत काय आहे हे मला दिसत नव्हतं, आणि म्हणे मी आकाश बघत होते.

पुण्याचे ते प्राध्यापक, शास्त्राच्या शिक्षकांच्या वर्गात तुम्हाला भेटलेले, त्यांना तुम्ही दर शनिवारचं कार्ड टाकायच्या. त्यात बहुतेक दोनच शब्द असायचे. दिसला नाही. मी म्हटलं, दिसला नाही हे कळवायला कशाला पोस्टाचा खर्च? मी पण रोज कळवते मग, आज सोन्याचा हंडा सापडला नाही. तेव्हा मात्र तुम्ही गंभीर झालात. म्हणालात, "अगं, आपण बघत होतो आणि दिसला नाही, हेही कुणाला तरी माहीत असावं लागतं. खोटं 'दिसला' एकदा लिहिलं तर सगळी खरी 'दिसला नाही' वाया जातात."

आणि खोटं 'दिसला नाही'? त्याचं काय होतं, अक्का? हे मी तुम्हाला विचारू शकले नाही.

आता तो शनिवार.

साक्रीहून तुमच्या आत्या आल्या होत्या, सुना-लेकींसकट. भरिताचा बेत होता. भरीत म्हटलं की मी. रावेरकडची म्हणून तो मान माझा. हिरवी वांगी अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, लाकडी भांड्यात ठेचायची, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी एकामागून एक. तुमची पाळी होती वर, माझी खाली. मी दुपारपासून धुसफुसत होते. धूर होता, आणि त्याहून वाईट त्या सुना-लेकी. वांगं सोलता सोलता एक विचारायची, "काय गं, अजून काही नही का?" दुसरी माझ्या पोटाकडे बघायची. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. मला तिथून उठायचं होतं.

मी काय केलं, तर भाजलेल्या वांग्याला हात लावला आणि किंचाळले. हाताला काही झालं नव्हतं. वांगं केव्हाच निवलं होतं. मी ओल्या फडक्यात हात गुंडाळला आणि डोळ्यांत पाणी आणलं. ते मला फार छान जमायचं. सासूबाई म्हणाल्या, भाकरी कोण करणार? आणि तुम्ही वरून शिडी उतरायला लागलात. पूर्ण न उतरताच म्हणालात, "बघू." मी हात मागं घेतला, म्हटलं, हवा लागली की झोंबतं. तुम्ही फडक्यावरून फुंकर घातलीत. भर पाहुण्यांत, अक्का, मोठ्या नणंदेनं. आणि म्हणालात, "जा वर. थंडीत हाताला बरं वाटेल. माझी शाल तिथंच आहे. लक्ष तेवढं ठेव." आणि तव्यापुढं जाऊन बसलात.

मी वर गेले. तुमची शाल पांघरली, गरम होती अजून. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन थोडा वेळ बसले. खालून भाकऱ्या थापल्याचे आवाज येत होते, तुमचे; तुम्ही फार जोरात थापायच्या. मग नळीला डोळा लावला, दुसरं काही करायला नव्हतं म्हणून.

तीन दगड होते. मध्ये काही नव्हतं. आणि मग होतं.

आधी मला वाटलं, डोळ्यांत आणलेलं ते खोटं पाणीच चमकतंय. डोळा पुसला. परत लावला. मधल्या जागेत एक ठिपका होता, आणि मी बघता बघता तो तिन्ही दगडांहून मोठा झाला. तो लुकलुकत नव्हता. वाढत होता. लाल नव्हता, अक्का. तुम्ही लाल लाल म्हणायच्या, म्हणून मी निखाऱ्यासारखं काही तरी मनाशी धरलं होतं. हा पांढरा होता, आणि पांढऱ्यात निळसर झाक, नव्या धुतल्या धोतराला नीळ दिल्यावर येते तशी.

आता खरं ते सांगते. हात भाजल्याचं खोटं मला इतकं टोचत नाही. ते वय होतं, त्या बायका तशा होत्या. पण तो पेटल्यावर मी लगेच हाक मारली नाही. मला कळलं होतं, हाच तो. कळलं होतं की मी ओरडले तर तुम्ही धावत याल, मला बाजूला व्हावं लागेल, आणि परत मला जागा मिळेपर्यंत तो गेलेला असेल. मी मनात म्हटलं, थोडं बघून घेते, मग बोलावते. असंच म्हटलं, याच शब्दांत. किती वेळ ते मला माहीत नाही. खाली तुमच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता आणि मी बघत होते.

मग तो जरा उतरायला लागला, तेव्हा घाबरून ओरडले. "अक्का! अक्का, वर या!"

खालून तुम्ही म्हणालात, "सुमन, आज नको गं थट्टा. पाहुणे आहेत."

"अक्का, या हो!"

सासूबाईंचा आवाज आला, "बस तठेच, भाकर जळी जाई!"

मी तिसऱ्यांदा हाक मारली, आणि त्या हाकेत माझा आवाज फाटला असणार, कारण तवा तसाच सोडून तुम्ही शिडीवर आलात. हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. मी बाजूला झाले. तुम्ही हात मागं धरून, पीठ लागू नये म्हणून, नुसता डोळा नळीला लावलात. किती वाकून उभ्या होतात तुम्ही. बघत राहिलात. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. त्यावर काहीच उमटलं नाही. मग तुम्ही वळलात आणि हळू विचारलंत, "सुमन, खरं सांग. दिसला?"

मी सांगणार होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तुमची नजर खाली गेली. माझ्या हाताकडे. फडकं कधी गळून पडलं होतं ते मला कळलंही नव्हतं, आणि त्या भाजलेल्या हातानं मी धाब्याची कड घट्ट धरून उभी होते. खालच्या जाळाच्या उजेडात तो हात अगदी धडधाकट दिसत होता.

तुम्ही हाताकडे बघितलंत, मग माझ्याकडे. आणि मी म्हटलं, "थट्टा केली, अक्का. हाताची पण आणि ताऱ्याची पण."

का म्हटलं? मी किती वर्षं विचार केला त्यावर. एक लबाडी पकडली गेली होती, तर दुसरी गोष्ट खरी म्हणून कोण मानणार, असं वाटलं असेल. किंवा खरं सांगितलं तर तुमची पाळी चोरून मी तो बघितला हे सांगावं लागलं असतं. तुमच्यापुढं चोर होण्यापेक्षा वात्रट होणं मला सोपं होतं. वात्रट तर मी होतेच.

तुम्ही एवढा मोठा श्वास सोडलात. आणि हसलात, अक्का. पिठाच्या बोटानं माझ्या नाकावर ठिपका लावलात आणि म्हणालात, "बरं झालं बाई. खरं असतं तर आज मला जेवण गेलं नसतं."

खाली जाऊन तुम्ही सगळ्यांना वाढलंत. भरीत दोनदा मागून घेतलंत. दुसऱ्या दिवशी कार्ड लिहिलंत आणि ह्यांच्या हातात टाकायला दिलंत. मी ह्यांच्या हातात वाकून बघितलं. दिसला नाही. तुमच्या त्या गोल, ठाशीव अक्षरात. जन्मात तुम्ही लिहिलेलं एकच खोटं, आणि ते मी लिहायला लावलं.

सांगायला संधी नव्हती असं नाही. त्या पौषात होती, पुढच्या मार्गशीर्षात होती. तुमचं ते एक वाक्य, जेवण गेलं नसतं, माझ्या घशात बसलं होतं. मला वाटायचं, सांगितलं तर ही बाई खरंच जेवायची नाही. मग थोरली झाली, धाकटा झाला, पाळी मोडली. तुम्ही एकट्या चढत राहिलात. थंडीत गुडघे धरून उतरायच्या, मी खालून विचारायची नाही आता, शेटजी आले का म्हणून. तुम्ही एकदा म्हणालात, "सुमन, तू हल्ली मला चिडवत नाहीस. काही चुकलं का माझं?" तुमचं चुकलं का! मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि पळाले.

आणि आपलं ते भांडण. तुम्हाला मला धुळ्याला न्यायचं होतं, ट्रेनिंग कॉलेजात घालायचं होतं. आबा तयार होते, हे तयार होते. सासूबाईंनासुद्धा तुम्ही राजी करत आणलं होतं. मीच म्हटलं, नको. म्हटलं, माझ्या हातची भाकर फुगते, मला काय कमी आहे? तुम्ही चिडलात. आयुष्यात पहिल्यांदा चिडलात माझ्यावर. "घाबरट आहेस तू. दिसतेस धीट, पण घाबरट." पुढं कधीही भेट झाली की तो विषय. माझ्या नातींची लग्नं झाली तरी तुम्ही म्हणायच्या, शिकली असतीस तर हेडमास्तरीण झाली असतीस. मी म्हणायची, आणि पोरींना छड्या मारल्या असत्या का तुमच्यासारख्या? हसण्यावारी न्यायची. खरं हे होतं की धुळ्यात तुमच्या खोलीत, तुमच्या शेजारी रोज झोपायचं म्हणजे रोज ते न सांगता झोपायचं. शनिवारचं एक वेळ जमत होतं. रोजचं मला जमलं नसतं. घाबरट तुम्ही बरोबर ओळखलंत, कारण तेवढं चुकलं.

तरी बघा, तुम्ही मला काय काय दिलंत. इंग्रजी वाचायला तुम्ही शिकवलंत, त्या कंदिलाच्या उजेडात. उजेड निघतो आणि वाटेत असतो, हे तुम्ही सांगितलंत. त्या ताऱ्याचा उजेड इथं यायला आठ वर्षांहून जास्त लागतात म्हणालात. मी पुढं बोटांवर मोजलं. मला दिसलेला तो उजेड निघाला तेव्हा साहेब लोकांना भुसावळ सोडून दोन-तीन वर्षंच झाली होती, आणि मी परकर खोचून केळीच्या बागेत माकडं हाकत होते. तो तेव्हापासून येत होता. सगळी वाट चालून नेमका त्या शनिवारी पोचला, आणि पुढं तुमच्या जागी मी बसलेली.

दिवाळीनंतर धुळ्याला आले ती शेवटची भेट. तुमच्या डोळ्यांचं सगळं संपलं होतं. दुर्बीण तुम्ही केव्हाच शाळेला देऊन टाकली होती. मी ठरवून आले होते, सांगायचंच. गाडीत दोनदा पाठ केलं. आणि तुमच्या खाटेशी बसल्यावर माझी सून, तुमच्याजवळ राहणारी, बिस्किटं घेऊन आली, कोण कोण गेलं, कुणाचं काय झालं, असं चालत राहिलं. सून उठून गेली तेव्हा तुम्हीच म्हणालात, "सुमन, एक विचारू? त्या भरिताच्या दिवशी तू थट्टा केली होतीस. अर्धीच केलीस. कसा दिसला म्हणणार होतीस, ते सांग ना आता."

मी कप खाली ठेवला.

"कशाला हो आता?"

"अगं, सांग. मला कुठं दिसायचाय. तुझी थट्टा तरी ऐकू दे."

मी सांगितलं. सगळं सांगितलं. तीन दगडांच्या मध्ये आधी काही नव्हतं, मग होतं. तो वाढत गेला. लुकलुकला नाही. तुमचे दोन्ही हात पांघरुणाबाहेर आले होते आणि एक डोळा तुम्ही मिटून घेतला होता, ज्या डोळ्याला आता मिटून न मिटून सारखंच होतं. तुम्ही विचारलंत, "रंग?"

"पांढरा. जरा निळसर."

"लाल नाही?"

"लाल नाही, अक्का."

बाहेर रिक्षा गेली, कुणी तरी पाण्याची मोटर लावली. मग तुम्ही म्हणालात, "पेटतो तेव्हा तो निळसरच असतो. हे मला फार पुढं वाचायला मिळालं. मी तुला कधी सांगितलं नाही." आणि म्हणालात, "तुला कुठून सुचलं गं हे?"

दार उघडं होतं, अक्का. तुम्ही स्वतः उघडून धरलं होतं. आत पाऊल टाकायचं तेवढं बाकी होतं. आणि ही म्हातारी, नातवंडांची आजी, तोंडात कवळी बसवलेली, काय म्हणाली? म्हणाली, "मी लबाडच आहे हो. मला काहीही सुचतं."

तुम्ही हसलात. हसता हसता खोकला आला. मी पाणी दिलं. तुम्ही माझा हात धरलात, तोच हात, आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणालात, आता थकले, पडते.

घरातल्यांना वाटतं, मी रडत नाही कारण मला समज आली. धाकट्या नातीला इथवर लिहिलेलं वाचून दाखवलं तर ती म्हणते, आजी, त्यांना कळलं होतं, म्हणून तर हात धरला. असेल. पण तेवढ्यावर मी सुटायला बघितलं तर ती माझी आणखी एक लबाडी होईल. तुम्हाला कळलं असेल तर ते तुमच्या हुशारीनं. मी दिलेलं नव्हतं ते. तुम्ही विचारलंत आणि मी दिलं नाही, दोन वेळा.

म्हणून ऐका. तुम्ही ऐकत नाही हे मला कळतं, तरी ऐका. मार्गशीर्षात, शनिवारी, भाकरीच्या वेळेला, तुमच्या धाब्यावरून, तुमच्या नळीतून. पाळी तुमची होती. ते कार्ड चुकीचं आहे, आणि चूक तुमची नाही.

सुचलं नव्हतं, अक्का. दिसलं होतं.